पालीहून तलावपाळीस

अष्टविनायकांच्या यात्रेमुळे पाली हे नाव महाराष्ट्रातील घराघरांत ठाऊक झालेले आहे. मुंबई, ठाणे, पुणे येथील मंडळी मोटारी भरभरून पालीस येतात, बल्लाळेश्वराचे दर्शन घेतात, पोह्याचे पापड नाहीतर मिरगुंडे विकत घेतात आणि सूर्यास्तापूर्वी परत फिरतात. शहरातील माणूस गावाकडे कसा जातो व तेथे काय पाहतो, ह्याविषयी पुष्कळ लिहिले व बोलले गेले आहे. परंतु गावातील माणूस शहरात गेला म्हणजे काय पाहतो, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. तो कामासाठी जातो, काम उरकतो आणि शेवटची गाडी गाठतो, एवढेच आपण गृहीत धरतो. आजचे भाषण ह्या दुसऱ्या प्रवासासंबंधी आहे. पालीचा मनुष्य एस. टी.ने व रेल्वेने, खासगी मोटारीवाचून, ठाण्याच्या मासुंदा तलावाकाठच्या वस्तीत, म्हणजे तलावपाळीस कसा पोहोचतो, वाटेत काय पाहतो आणि तेथून काय घेऊन परततो, त्याचा हा विचार आहे.

प्रथम गावाची ओळख. रायगड जिल्ह्यातील सुधागड तालुक्याचे पाली हे ठाणे. एका बाजूस सरसगडाचा उभा कातळ, दुसऱ्या बाजूस अंबा नदी आणि मध्ये बाजारपेठ. अष्टविनायकांपैकी भक्ताच्या नावाने ओळखला जाणारा गणपती एवढा एकच. बल्लाळ नावाच्या मुलाच्या भक्तीची कथा सर्वांना माहीत आहे, ती येथे सांगावयास नको. पूर्वीचे लाकडी देऊळ जाऊन आजचे दगडी देऊळ अठराव्या शतकात उभे राहिले व त्याचा जीर्णोद्धार नाना फडणिसांच्या नावाशी जोडलेला आहे. देवळात एक मोठी घंटा टांगलेली आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ साली पोर्तुगिजांचा पाडाव करून वसई घेतली, त्या मोहिमेनंतर अशा घंटा निरनिराळ्या देवस्थानांस अर्पण झाल्या व पालीची घंटा त्यांतलीच, असे सांगतात. आजच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही, की ह्या देवळाच्या आवारास लागून दोन तलाव आहेत. पालीच्या माणसाला तलाव ही काही नवलाची वस्तू नाही. काठावर पाय सोडून बसणे, पाण्यात पडलेले कळसाचे प्रतिबिंब पाहणे, हे तो लहानपणापासून करीत आलेला असतो. मग त्याने शहरातला तलाव मुद्दाम पाहावयास का जावे? ह्या प्रश्नाचे उत्तर प्रवासाच्या शेवटी मिळेल.

पालीहून ठाण्यास जाण्याच्या दोन वाटा आहेत. एक वाकण फाट्यावरून महामार्गाने पेण व पनवेल गाठण्याची. पनवेलपासून ठाण्यापर्यंत थेट लोकल गाड्या आहेत. ठाणे-वाशी हा रेल्वेमार्ग २००४ साली सुरू झाला, तेव्हापासून ही सोय झाली. दुसरी वाट खोपोलीची. पालीहून एस. टी.ने खोपोली आणि खोपोलीहून लोकलने कर्जत, कल्याण करीत ठाणे. पहिल्या वाटेने कदाचित लवकर जाता येईल, पण त्या वाटेवर पनवेलच्या एस. टी. स्थानकापासून रेल्वे स्थानकापर्यंत रिक्षा करावी लागते आणि महामार्गावरील खोळंब्याचा भरवसा नसतो. खोपोलीची वाट शांत आहे आणि जिज्ञासू प्रवाशास शिकवण्यासारखे तिच्यापाशी पुष्कळ आहे. म्हणून आपण तीच धरू.

आता ह्या प्रवासासाठी एखादे वृद्ध जोडपे डोळ्यांपुढे आणावे. गृहस्थांचे वय शहात्तर, पत्नीचे सत्तर. मुलगी ठाण्यास दिलेली. मुलीच्या दोन बाळंतपणांस, जावयाच्या आजारपणास, नातवाच्या मुंजीस अशी त्यांची ठाण्याची खेप गेल्या पंचवीस वर्षांत अनेकदा झालेली आहे. परंतु प्रत्येक वेळी स्थानक ते मुलीचे घर आणि घर ते स्थानक एवढेच ठाणे त्यांनी पाहिले. अशी जोडपी कोकणातील प्रत्येक गावात आहेत. त्यांना शहर माहीत असते, पण ते पत्ता म्हणून.

अशा माणसांच्या घराबाहेर पडण्यास अलीकडे दोन गोष्टींनी मोठा हातभार लावला. महाराष्ट्र शासनाने २०२२ साली पंचाहत्तर वर्षे पूर्ण झालेल्या नागरिकांस एस. टी.चा प्रवास विनामूल्य केला आणि २०२३ च्या मार्च महिन्यापासून सर्व स्त्रियांस अर्धे तिकीट लागू केले. ह्या सवलतींच्या खर्चाविषयी अर्थशास्त्रज्ञांनी अवश्य वाद करावा. परंतु एक बदल हिशेबाच्या वहीत दिसत नाही. जी म्हातारी माणसे गाडीभाड्यासाठी मुलाकडे हात पसरण्याच्या संकोचाने घरीच बसत, ती आता सकाळी पिशवी घेऊन स्थानकावर येतात. वाहक विचारतो, “आजोबा, कुठं जायचं?” आजोबा आधारकार्ड पुढे करून म्हणतात, “खोपोली. मला फुकट आणि हिला अर्धं.” त्यावर आजी हळूच म्हणतात, “जन्मभर अर्धांगी म्हणत आलात, आता एस. टी.नं तिकिटावर छापून दिलं.” असा विनोद ज्या गाडीत होतो, त्या गाडीस नुकसानीत चालणारी गाडी म्हणताना थोडा विचार करावा लागतो.

ह्या एस. टी.चे वय आपल्या स्वातंत्र्याहून एका वर्षाने लहान. मुंबई राज्याची पहिली सरकारी गाडी १ जून १९४८ रोजी पुणे व अहमदनगर ह्यांच्या दरम्यान धावली. त्यापूर्वी खासगी सर्व्हिस मोटारी होत्या. त्या निघत कधी आणि पोहोचत कधी, ते मोटारवाल्याच्या मर्जीवर असे. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या भाड्यात, उतारू एक असो की पन्नास असोत, गाडी सुटलीच पाहिजे, ही कल्पना त्या काळी खेड्यांस नवीन होती. गाडीस आज कधी उशीर होतो, कधी ती बंद पडते, हे खरे आहे. पण तिच्यावर रागावण्याचा हक्क प्रत्येकास आहे, हेच ती सार्वजनिक असल्याचे लक्षण होय. शेजाऱ्याच्या मोटारीवर आपणास रागावता येत नाही.

पाली सुटली की रस्ता अंबेच्या खोऱ्यातून पेडली, परळी अशी गावे घेत जातो. पावसाळ्यात दोन्ही अंगांस भाताची खाचरे, भाद्रपदात रानफुले आणि मार्गशीर्षात वालाचे हिरवे तुकडे दिसतात. ह्याच नदीकाठी जांभूळपाडा आहे. १९८९ च्या जुलै महिन्यात अंबेस आलेल्या महापुराने ह्या गावात अनेकांचे प्राण घेतले आणि संसार वाहून नेले. सुधागडातील जुनी माणसे आजही गोष्टी सांगताना ‘पुराच्या आधी’ आणि ‘पुराच्या नंतर’ अशी कालगणना करतात. पाणी हे जीवन खरे, परंतु त्यास वाट व काठ नसला म्हणजे ते काय करते, हे ह्या खोऱ्यास पुस्तकातून शिकावे लागले नाही. पुढे खोपोली जवळ आली की खासगी मोटारींची रांग लागते. २०१३ साली उघडलेले इमॅजिका हे करमणुकीचे उद्यान ह्याच रस्त्यावर आहे. एस. टी. तेथूनही जाते, पण तिच्या खिडकीतून करमणूक फुकट होते.

खोपोली हे गाव बहुतेक प्रवासी केवळ घाटाचा पायथा म्हणून ओळखतात. पण तेथेही एक तलाव आहे. नाना फडणिसांनी तेथे महादेवाचे देऊळ व त्यास लागून मोठा बांधीव तलाव करविला. बोरघाट चढण्यापूर्वी माणसांनी, बैलांनी व घोड्यांनी पाणी प्यावे, एक रात्र विसावा घ्यावा, ही त्यामागील दृष्टी. म्हणजे पालीच्या देवळाशी ज्याचे नाव जोडले आहे, त्याच मुत्सद्द्याचे नाव पुढल्या मुक्कामाच्या पाण्याशीही जोडलेले आहे. राजकारणाच्या धकाधकीत असलेल्या माणसाला वाटसरूच्या तहानेची आठवण होती, ही गोष्ट इतिहासाच्या पुस्तकांत लढायांच्या ओळींखाली झाकून जाते.

खोपोलीचे दुसरेही एक पाणी आहे. डोंगरावर लोणावळ्याच्या परिसरात वळवण, शिरवता असे तलाव बांधून त्यांचे पाणी मोठमोठ्या नळांनी खोपोलीस उतरविण्यात आले आणि १९१५ पासून टाटांच्या जलविद्युत केंद्रातून मुंबईस वीज जाऊ लागली. घाटमाथ्यावर पडलेल्या पावसाने समुद्रकाठच्या गिरण्या चालविल्या. ते वापरून झालेले पाणी पुढे पाताळगंगेस मिळते. तलाव म्हणजे नुसते शोभेचे पाणी, असे ज्यांस वाटते, त्यांनी खोपोलीस घटकाभर उभे राहून डोंगरावरचे नळ पाहावे.

खोपोलीच्या रेल्वे स्थानकावर गाडीची वाट पाहात बसावे लागते, कारण येथून सुटणाऱ्या गाड्या मोजक्याच आहेत. एक चुकली तर पुढलीस बराच अवकाश असतो. म्हणून वेळापत्रक आधी पाहून ठेवावे. पण वाट पाहताना ध्यानात घ्यावे, की हे स्थानक सामान्य नव्हे. मुंबई-ठाणे रेल्वे १८५३ साली सुरू झाली, १८५४ साली ती कल्याणास पोहोचली आणि १८५६ साली खोपोलीस. बोरघाटातील मार्ग १८६३ साली पुरा होईपर्यंत पुण्यास जाणारे उतारू येथवर आगगाडीने येत व पुढे घाट पालखीत, डोलीत नाहीतर घोड्यावर बसून चढत. ज्या ठिकाणी आगगाडीची हद्द संपून माणसाच्या खांद्याची हद्द सुरू होत असे, ते हे ठिकाण. नंतर मुख्य मार्ग पळसधरीवरून सरळ घाटात गेला आणि खोपोली फाट्यावरचे गाव होऊन राहिली.

गाडी कर्जतला आली की माणसे चढू लागतात. नेरळास माथेरानचा डोंगर जवळ दिसतो, बदलापूर-अंबरनाथला डबा भरतो आणि कल्याणला तो ओसंडतो. ह्यास्तव पालीच्या प्रवाशाने सकाळची कचेरीची वेळ टाळावी. गावातून पहाटे निघून शहरात गर्दीच्या तोंडी सापडण्यापेक्षा न्याहारी करून निघावे व दुपारी पोहोचावे. म्हाताऱ्या माणसांनी ठाणे येण्याच्या दोन स्थानके आधीच दाराकडे सरकावे. उतरावयाचे कोठे, हे शेजाऱ्यास विचारण्यात कमीपणा मानू नये. लोकलमधील माणूस चेहऱ्याने कठोर दिसतो, पण वाट विचारली की त्याच्यातला गावकरी जागा होतो. “ठाणं पुढचंच, आजी, उजव्या अंगाला या,” असे सांगून तो पिशवीसुद्धा उचलून देतो.

दिव्याच्या पुढे एका बाजूस पारसिकचा डोंगर आणि दुसऱ्या बाजूस खाडी अशी चिंचोळी वाट लागते. डोंगरातील बोगदा १९१६ सालचा. पूर्वी जलद लोकल त्यातून धडधडत जात. आता तो मुख्यतः लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या वाट्यास गेला आहे आणि लोकल मुंब्रा-कळव्यावरून जाते. कळव्याच्या पुढे खाडीचा पूल ओलांडला की ठाणे आले.

१६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी बोरीबंदरहून निघालेली पहिली प्रवासी गाडी ज्या गावास आली, ते हे गाव. चौदा डबे, चारशेच्या सुमारास निमंत्रित, तीन इंजिने आणि एकवीस मैलांचा पल्ला. त्या काळी ही मोठी नवलाई होती. आज त्याच स्थानकातून रोज लक्षावधी माणसे जातात-येतात आणि कोणासही नवल वाटत नाही. पश्चिमेच्या बाजूने बाहेर पडले म्हणजे तलावपाळी पायी दहा-पंधरा मिनिटांवर आहे. गुडघे दुखत असतील तर ठाणे परिवहनची बस आहे. ही सेवा १९८९ साली सुरू झाली. पण शक्य तर पायीच जावे. शहराची ओळख पायांनी होते, चाकांनी होत नाही. पुस्तकांची आवड असणाऱ्याने वाटेत ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाची चौकशी करावी. १८९३ साली स्थापन झालेली ही संस्था मराठी ग्रंथांच्या संग्रहासाठी निघालेल्या पहिल्या संस्थांपैकी होय. जांभळी नाक्याचा बाजार, भाजीवाल्यांचा पुकारा, फुलांच्या वेण्या, तांब्यापितळेची दुकाने ह्यांतून वाट काढीत पुढे गेले, की एकाएकी आकाश मोठे होते आणि समोर पाणी दिसते.

हाच मासुंदा तलाव. त्याच्या काठास लोक तलावपाळी म्हणतात. ‘पाळ’ म्हणजे तलावाचा बांध किंवा काठ. हा शब्द आता खेड्यांतही कमी ऐकू येतो, पण ठाण्यासारख्या मोठ्या शहरात रिक्षावाल्याच्या, भेळवाल्याच्या आणि शाळकरी मुलांच्या तोंडी तो रोज हजारदा येतो. जुन्या शब्दास एवढे मोठे घर क्वचितच मिळते.

काठावर कोपिनेश्वराचे देऊळ आहे. ठाणे हे शिलाहार राजांचे श्रीस्थानक. १७८७ साली ठाण्याच्या किल्ल्याजवळ खोदकाम चालू असता शिलाहारांचे ताम्रपट सापडले, त्यांतील एक अरिकेसरी राजाचा १०१७ सालचा आहे. त्या काळापासून ह्या गावास शिवमंदिरांची परंपरा आहे. आजचे कोपिनेश्वराचे देऊळ १७६० च्या सुमारास सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर ह्यांनी बांधविले आणि १८७९ साली गावकऱ्यांनी वर्गणी जमवून त्याची दुरुस्ती केली. आतील शिवलिंग आकाराने एवढे भव्य आहे, की प्रथम पाहणारा क्षणभर थबकतो. १७३७ साली मराठ्यांनी ठाणे पोर्तुगिजांकडून घेतले, त्यानंतर पंचवीस वर्षांच्या आत हे देऊळ उभे राहिले. पालीची घंटा आणि ठाण्याचे हे देऊळ एकाच मोहिमेच्या आगेमागे आलेली भावंडे आहेत, असे म्हणावयास हरकत नाही.

तलावाच्या परिसरात पोर्तुगीज काळाशी नाते सांगणारे संत जॉन बॅप्टिस्ट ह्यांचे चर्चही आहे. घंटानाद दोहोंकडचा ऐकू येतो आणि पाणी दोहोंचे प्रतिबिंब सारख्याच निष्ठेने धरते. काठावरच राम गणेश गडकरी ह्यांच्या नावाचे रंगायतन आहे. १९७८ साली ते उघडले, तेव्हापासून ठाण्याच्या नाट्यरसिकांच्या दोन पिढ्या त्याच्या पायऱ्यांवर मध्यंतराच्या चहाची चर्चा करीत वाढल्या. थोड्या अंतरावर जुना किल्ला आहे व त्यात आज मध्यवर्ती कारागृह आहे. पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे ह्यांस इंग्रजांनी ह्याच किल्ल्यात ठेविले होते. १८१६ साली ते तेथून निसटले. खिडकीखाली घोड्यास खरारा करणारा एक मोतद्दार गाणे गाई आणि त्या गाण्यातून सुटकेचा बेत आत पोहोचवी, गोऱ्या पहारेकऱ्यांस मात्र मराठी कळत नसे, अशी कथा आहे. भाषा येत नसल्याचा तोटा इतका रोकडा क्वचितच कोणास झाला असेल.

संध्याकाळी चारनंतर तलावपाळीस खरी शोभा येते. नावा पाण्यात उतरतात. म्हातारी माणसे कट्ट्यावर आपापल्या ठरलेल्या जागा घेतात. शाळा सुटलेली मुले, कचेरीतून परतणाऱ्या स्त्रिया, परीक्षेचा अभ्यास करणारे विद्यार्थी, कणसे भाजणारे, शेंगदाणेवाले, फुगेवाले असा सर्व संसार ह्या काठाभोवती फिरू लागतो. गुढीपाडव्याची स्वागतयात्रा असो की दिवाळीची पहाट असो, ठाणेकर नटूनथटून येथेच येतो. ह्या जागेस तिकीट नाही, दार नाही, वेळेचे बंधन नाही. ज्याच्या घरास खिडकी नाही, त्याचीही खिडकी हा तलाव होतो. आपले वृद्ध जोडपे येथे कट्ट्यावर टेकते. आजी पाण्याकडे बराच वेळ पाहतात आणि म्हणतात, “अहो, इतक्या वेळा आलो, पण हे पाहिलंच नाही.” आजोबा म्हणतात, “तेव्हा काम होतं ना.” दोघेही थोडी हसतात. मुलीच्या घरी पाहुणे म्हणून जाणाऱ्या आईबापांस त्या शहराचे आपण पाहुणे आहोत, असे प्रथमच वाटते.

येथवरचा भाग सुखाचा झाला. पण तलाव पाहावयाचा तर त्याचे दुखणेही पाहिले पाहिजे.

ठाण्यास तलावांचे शहर म्हणतात. मासुंदा, सिद्धेश्वर, कचराळी, रायलादेवी, येऊरच्या पायथ्याचा उपवन अशी नावे प्रसिद्ध आहेत. एकेकाळी ह्या गावात साठांहून अधिक तलाव होते असे सांगतात. आज त्यांची संख्या पस्तिसाच्या आसपास उरली आहे. उरलेल्यांतील पुष्कळ आकाराने आटले. खुद्द मासुंद्याचे पाणी पूर्वी कोपिनेश्वराच्या देवळास अधिक लगटून होते. आता देऊळ व पाणी ह्यांच्यामध्ये रहदारीचा रस्ता आहे.

हे तलाव गेले कसे? कोणा एका दुष्ट मनुष्याने एका रात्रीत ते बुजविले नाहीत. १९०१ च्या जनगणनेत ठाणे गावाची वस्ती सुमारे सोळा हजार होती. २०११ च्या जनगणनेत ठाणे महानगरपालिकेच्या हद्दीत अठरा लाखांहून अधिक माणसे मोजली गेली. माणसांस घर हवे, घरास जागा हवी, आणि तलावाची कड ही वरवर पाहता कोणाचीच जागा नसते. आधी घरोघर नळ येतो. नळ आला, की तलावावर पाणी भरावयास कोणी जात नाही. कोणी जात नाही, म्हणून गाळ कोणी काढीत नाही. गाळ साचला, की काठाची जमीन कोरडी पडते. कोरड्या जमिनीवर प्रथम एखादी टपरी येते, मग कुंपण, मग भराव. इकडे वरच्या बाजूस रस्ते व इमारती झाल्यामुळे पावसाचे पाणी तलावात येण्याच्या वाटा बंद होतात आणि त्यांऐवजी सांडपाण्याच्या वाटा उघडतात. शेवटी एक दिवस लोकच अर्ज करतात, की ही डासांची खाण बुजवून टाकावी. तलाव जातो तो असा, सर्वांच्या संमतीने.

जे तलाव जागेवर राहतात, त्यांचे दुखणे निराळे. सांडपाण्यातील आणि निर्माल्यातील द्रव्ये ही वनस्पतींस खतासारखी असतात. ती पाण्यात उतरली, की शेवाळ व जलपर्णी माजते. खालच्या पाण्यास ऊन मिळत नाही. माजलेले शेवाळ मरून कुजू लागले, की कुजण्याच्या क्रियेत पाण्यातील प्राणवायू खर्ची पडतो आणि मग एखाद्या सकाळी मासे पोट वर करून तरंगताना दिसतात. तलावात कारंजी बसवितात, ती नुसत्या शोभेसाठी नव्हेत. पाणी हवेत उडाले की त्यात प्राणवायू मिसळतो, म्हणून ती बसवावयाची. गणेशोत्सवात ठाण्याने कृत्रिम तलाव करून मूर्तींचे विसर्जन तेथे करण्याचा पायंडा पाडला, त्याचेही कारण हेच. भक्तीने दिलेले ओझे तलावास पेलत नव्हते. लोकांनी आधी कुरकुर केली आणि पुढे सवय करून घेतली. ही गोष्ट त्या शहराच्या शहाणपणात जमा केली पाहिजे.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. गावात दोन तलाव असता पालीच्या माणसाने शहरातला तलाव पाहावयास का जावे? त्याचे उत्तर असे, की आपल्या गावाचा उद्या तेथे आज पाहावयास मिळतो. पाली आता ग्रामपंचायतीचे गाव राहिलेले नाही, तेथे नगरपंचायत आली आहे. यात्रेकरू वाढत आहेत, वाहनतळ हवेत, निवासगृहे हवीत, दुकाने हवीत. ह्यांतील एकही मागणी गैर नाही. ठाण्यासही एकेकाळी अशाच साध्या साध्या मागण्या होत्या. गावाच्या तलावात निर्माल्य कोठवर टाकावे, गाळ कोणी व केव्हा काढावा, वरून येणारे पाणी कोणत्या वाटेने येते व त्या वाटेवर काय बांधू नये, हे ठरविण्याची वेळ तलाव भरलेला असतानाची असते. तो आटल्यावर ठरवावयास उरते ते फक्त जमिनीची किंमत.

ठाण्यापासून घ्यावयाचा दुसरा धडा उलट दिशेचा आहे. इतके तलाव गमावलेल्या शहराने मासुंदा मात्र राखला. का? देवळातील भक्त, रंगायतनातील प्रेक्षक, नावाडी, भेळवाला, कट्ट्यावरचे पेन्शनर आणि उन्हाळ्याच्या सुटीतील मुले, ह्या सर्वांस तो रोज लागतो, म्हणून. ज्या पाण्याकाठी माणसे रोज येऊन बसतात, त्यात भराव टाकण्याची छाती सहसा कोणाची होत नाही. पाहारा पोलिसांचा असतोच, पण त्याहून जागरूक पाहारा सवयीचा असतो. आणि ही माणसे तेथे मोटारींनी येत नाहीत. मोटारींनी आली असती, तर तलावाइतकीच जागा मोटारी उभ्या करण्यास लागली असती. ती आगगाडीने, बसने व पायी येतात, म्हणून एवढ्याशा काठावर एवढे मोठे शहर मावते. सार्वजनिक पाणी आणि सार्वजनिक गाडी ह्यांचे असे नाते आहे. दोन्ही एकट्यास परवडण्याजोगी नाहीत आणि सर्वांनी मिळून चालविली तर कोणासच जड नाहीत. दोहोंचीही आबाळ होऊ लागली, की ज्यांना दुसरा उपाय असतो ते आधी पाठ फिरवितात आणि उरलेल्यांचा आवाज कमी पडतो.

परतीच्या प्रवासाविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. दिवे लागले की तलावपाळी अधिकच सुंदर दिसते आणि पाय निघत नाही. परंतु खोपोलीहून पालीस जाणारी शेवटची एस. टी. कोणासाठी थांबत नाही. संध्याकाळी ठाण्याहून कर्जतकडे जाणाऱ्या गाड्यांस उभे राहावयासही जागा नसते. म्हणून एका दिवसात परतावयाचे असेल, तर दिवे लागण्याची वाट पाहू नये. मुलीकडे मुक्काम करावयाचा असेल, तर मात्र रात्रीच्या जेवणापर्यंत काठावर बसावे आणि मुलीला, जावयाला, नातवंडांनाही तेथेच बोलावून घ्यावे. पुष्कळ ठाणेकरांनीही आपला तलाव चालत्या रिक्षातूनच पाहिलेला असतो.

पाळ ह्या शब्दाचा अर्थ काठ, आणि पाळणे म्हणजे सांभाळणे. भाषेत हे दोन शब्द शेजारी राहतात. काठ सांभाळला तर पाणी राहते, हे आपल्या पूर्वजांस ठाऊक होते आणि त्यासाठी ते वर्षातून एकदा फावडे-घमेले घेऊन तलावात उतरत असत. तलावपाळीहून घरी परतलेल्या माणसाने दुसऱ्या दिवशी सकाळी बल्लाळेश्वराच्या दर्शनास जाताना आपल्या तलावांची पाळही एकवार निरखून पाहावी. एखादा चिरा निखळला असेल, एखादी मोरी चुकीच्या दिशेस वळली असेल, तर चार शेजाऱ्यांस बोलावून दाखवावी. ठाण्यास जाऊन आल्याचे सार्थक एवढ्यानेही होईल.